उंडेऱ्याचा प्रयोग

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



मांडवी या शब्दाचा मूळ अर्थ जकातीची जागा. बाहेरून आलेला माल इथे उतरावा, मोजला जावा आणि जकात भरल्यावर पुढे जावा, असा जुना रिवाज. बडोद्याची मांडवी जुन्या शहराच्या मधोमध उभी आहे. पाणीगेट, लहेरीपुरा, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांकडून येणारे रस्ते तिच्यापाशी भेटतात. मुंबईतही एक मांडवी आहे, बंदराला लागून असलेली, वखारींची आणि दाट वस्तीची. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात त्या मांडवीत जांघेत आणि काखेत गाठ येऊन माणसे तापाने फणफणून मरू लागली. डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी २३ सप्टेंबरला निदान जाहीर केले, की हा साधा ताप नव्हे, हा प्लेग आहे. मुंबईच्या मांडवीत उतरलेला हा माल कोणी मोजला नव्हता आणि त्यावर जकातही घेतली नव्हती. रेल्वेच्या रस्त्याने तो कोकणात, घाटावर आणि गुजरातेत पसरला आणि दीड वर्षाच्या आत बडोदे शहराच्या परिसरातील खेड्यांत येऊन पोहोचला.

आजच्या व्याख्यानाचा विषय प्लेग हा नाही. निसर्गात एखादी गोष्ट का घडते याचा उलगडा शास्त्रज्ञ कसा करतात, आणि त्यासाठी ‘नियंत्रित प्रयोग’ नावाची जी युक्ती त्यांनी शोधून काढली ती काय आहे, हा विषय आहे. परंतु अशा विषयावर बोलताना लंडन-पॅरिसच्या प्रयोगशाळांची नावे घेण्याची सवय आपल्याकडे इतकी जडली आहे, की बडोद्यापासून अवघ्या सहा मैलांवर, संस्थानच्या हद्दीतील एका खेड्यात, या युक्तीचा एक अत्यंत स्वच्छ नमुना घडून गेला याचा विसरच पडला आहे. त्या गावाचे नाव उंडेरा. इंग्रजी अहवालांत त्याचा उच्चार ‘उंधेरा’ असा आढळतो. २०२० साली हे गाव बडोदे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. तेथील वैद्यकीय प्रयोग झाला तो फेब्रुवारी १८९८ मध्ये.

प्रारंभी शब्दाचा थोडा विचार करू. मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द तीन घरी नांदतो. व्याकरणात कर्तरी, कर्मणी आणि भावे असे प्रयोग आहेत. रंगभूमीवर नाटकाचा प्रयोग होतो. तिसरे घर शास्त्राचे. यांतल्या रंगभूमीच्या प्रयोगाशी शास्त्राच्या प्रयोगाचे नाते वाटते त्याहून जवळचे आहे. नाटक एकदाच होऊन भागत नाही. दुसऱ्या गावी, दुसऱ्या नटसंचात, दुसऱ्या प्रेक्षकांपुढे ते उभे राहिले तरच नाटक म्हणून टिकते. शास्त्राच्या प्रयोगाचेही तसेच आहे. फरक एवढाच, की नाटकाचा प्रयोग रंगला म्हणजे झाले, आणि शास्त्राचा प्रयोग रंगला नाही तरी चालतो, किंबहुना पुष्कळदा न रंगलेलाच अधिक शिकवून जातो.

‘नियंत्रित’ हे विशेषण मात्र थोडे फसवे आहे. त्यात हुकमतीचा वास येतो. खरा अर्थ तुलनेचा आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, ही म्हण सर्वांच्या तोंडी असते. आपल्या शास्त्रकारांनी तिला काकतालीय न्याय म्हटले. अमक्याचा काढा घेतला आणि ताप उतरला, अमका गंडा बांधला आणि गाठ बसली, असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. कावळा बसलेला त्याने पाहिलेला असतो आणि फांदी मोडलेलीही पाहिलेली असते. न पाहिलेली गोष्ट एकच: कावळा बसला नसता तर फांदी टिकली असती काय? नैयायिकांनी याच गोष्टीला नाव दिले आहे. एक असता दुसरे असते, हा अन्वय. एक नसता दुसरे नसते, हा व्यतिरेक. दोन्ही सापडल्याशिवाय कार्यकारणाचा संबंध पक्का होत नाही. नियंत्रित प्रयोग म्हणजे हा व्यतिरेक निसर्गात आपोआप सापडण्याची वाट न पाहता तो मुद्दाम, आखून, सर्वांदेखत घडवून आणणे. दोन बाजू शक्य तितक्या सारख्या करायच्या आणि फक्त एका गोष्टीचा फरक ठेवायचा. पुढे जो फरक दिसेल त्याचे श्रेय किंवा अपश्रेय त्या एका गोष्टीचे. सांगायला हे दोन वाक्यांत मावते. करायला गेले म्हणजे माणूस मेटाकुटीस येतो, कारण दोन बाजू सारख्या करणे हेच खरे काम आहे.

युरोपात या युक्तीची गाजलेली उदाहरणे आहेत. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या शस्त्रवैद्याने रक्तपिती झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येकीला वेगळे औषध दिले आणि संत्री-लिंबे मिळालेली जोडी चटकन बरी झालेली पाहिली. १८८१ साली लुई पाश्चरने काळपुळीच्या लशीची जाहीर परीक्षा घेतली. चोवीस मेंढ्यांना लस टोचली, चोवीस तशाच ठेवल्या, आणि मग सर्वांच्या अंगात रोगाचे जिवंत जंतू सोडले. टोचलेला कळप उभा राहिला, न टोचलेला आडवा झाला. या पाश्चरच्याच पॅरिसमधील संस्थेत काम करून हिंदुस्थानात आलेला मनुष्य म्हणजे वाल्डेमार हाफकिन.

हाफकिनचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पटकीवर त्याने लस तयार केली आणि १८९२ च्या जुलैत पॅरिसमध्ये ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. १८९३ साली तो हिंदुस्थानात आला आणि कलकत्त्याच्या बस्त्यांतून पटकीची लस टोचू लागला. तिथे त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि उंडेऱ्याचे बीज तिच्यातच आहे. एका वस्तीतले टोचलेले आणि दुसऱ्या वस्तीतले न टोचलेले यांची तुलना करण्यात अर्थ नाही. पाणी वेगळे, गटार वेगळे, अन्न वेगळे. तुलना करायचीच तर एकाच छपराखाली राहणाऱ्यांची करावी.

मुंबईत प्लेग आल्यावर सरकारने त्याला कलकत्त्याहून बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तोकड्या जागेत, एक कारकून आणि तीन शिपाई हाताशी घेऊन, तीन महिन्यांच्या आत त्याने लस सिद्ध केली. मांसाच्या सुपात प्लेगचे जंतू वाढवताना तो वर तुपाचे थेंब सोडी. त्या थेंबांना लटकून जंतूंच्या दाढ्या खाली वाढत, बाटली हलवली की तुटून तळाशी बसत आणि पुन्हा नव्या येत. पुरेसे जंतू साठले म्हणजे उष्णता देऊन ते मारायचे. त्या मेलेल्या जंतूंचा द्रव हीच लस. आपल्या घरातील तूप जगातल्या पहिल्या यशस्वी प्लेगविरोधी लशीच्या कामी आले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हरकत नव्हती. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती लस स्वतःला टोचून घेतली, तीही नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या मात्रेची. ताप आला, वेदना झाल्या, तो उठून कामाला लागला.

धैर्य म्हणून हे थोर आहे. पुरावा म्हणून मात्र त्याची किंमत मर्यादित, आणि ते हाफकिन स्वतः जाणत होता. लस जीव घेत नाही एवढेच त्यावरून ठरले. ती जीव वाचवते काय, हा प्रश्न उभाच होता.

त्याच जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला तिथल्या कैद्यांपैकी सुमारे दीडशे जणांनी आपण होऊन लस टोचून घेतली, त्याहून थोडे अधिक तसेच राहिले. जेवण एक, कोठड्या एक, काम एक. पुढील दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ मरण पावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघेही वाचले. तुरुंगाच्या भिंती ही हाफकिनला मिळालेली आयती सोय होती. त्या भिंतींआड माणसे सारख्या स्थितीत राहत होती. परंतु चिकित्सक वाचकाला इथे एक फट दिसेल. ‘आपण होऊन’ हे शब्द. जो कैदी हात पुढे करतो तो आणि जो मागे सरतो तो, हे दोघे सारखेच असतात काय? पुढे येणारा कदाचित अधिक धडधाकट असेल, मागे राहिलेला आधीच आजाराने खंगलेला असेल. फरक लशीचा की माणसांचा?

दमणमध्ये १८९७ साली ही फट आणखी रुंदावली. आकडे मोठे आणि डोळे दिपवणारे आहेत. २,१९७ जणांनी टोचून घेतले, त्यांतले ३६ मेले. ६,०३३ जणांनी टोचून घेतले नाही, त्यांतले १,४८२ मेले. शेकडा दीडच्या जवळपास एकीकडे, शेकडा चोवीसहून अधिक दुसरीकडे. पण ज्यांनी टोचून घेतले त्यांची घरे कशी होती, ती कोणत्या आळीत होती, लिहितावाचता येणारे आणि दोन पैसे बाळगून असणारे त्यांत किती होते, हे प्रश्न त्या आकड्यांतून सुटत नाहीत. मोठा आकडा आणि चांगला पुरावा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. निवडणुकांच्या आणि जाहिरातींच्या या काळात हे दहादा घोकावे असे आहे.

आता उंडेऱ्याकडे येऊ. १८९८ च्या आरंभी गावात प्लेग शिरलेला होता आणि माणसे मरत होती. हाफकिन आणि त्याचे सहकारी तिथे गेले, ते सर्व गावाला लस टोचण्यासाठी नव्हे आणि जो येईल त्याला टोचण्यासाठीही नव्हे. गावातल्या कुटुंबांना एकेक करून समोर बोलावण्यात आले. प्रत्येक कुटुंबाचे, पुरुष, बायका, मुले, सशक्त, अशक्त असा सर्व बाजूंनी तोल सांभाळून, दोन भाग पाडले गेले. एका भागाला लस दिली, दुसरा तसाच ठेवला. नंतर सर्व जण आपापल्या घरी गेले. एकाच घराच्या ओसरीवर बसणारे, एकाच आडाचे पाणी पिणारे, एकाच ताटातून जेवणारे, त्याच उंदरांच्या सहवासात झोपणारे, पण एकाच्या दंडावर टोचल्याची खूण आहे आणि दुसऱ्याच्या नाही. दमणमध्ये जी फट राहिली होती ती इथे बुजली. श्रीमंत-गरीब, स्वच्छ-अस्वच्छ, भित्रा-धीट हे सारे भेद घराच्या उंबऱ्याबाहेर राहिले.

काही आठवड्यांनी घरोघर चौकशी झाली. टोचणीनंतर एकंदर २८ कुटुंबांत प्लेगचा शिरकाव झाला होता. या कुटुंबांत टोचलेली माणसे ७१ आणि न टोचलेली ६४. न टोचलेल्या ६४ पैकी २७ जणांना प्लेग झाला आणि त्यांतले २६ मेले. टोचलेल्या ७१ पैकी ८ जणांना झाला आणि ३ मेले.

हे आकडे थोडे थांबून वाचण्यासारखे आहेत. एकूण मृत्यू २९. लशीचा काहीच उपयोग नसता, तर माणसांच्या प्रमाणात टोचलेल्यांतले १५ आणि न टोचलेल्यांतले १४ मरायला हवे होते. मेले ३ आणि २६. इतका कल केवळ योगायोगाने पडावा, हे नाणे उडवणाऱ्या कोणत्याही मनुष्याला पटणार नाही. दुसरेही एक बारकाईने पाहावे. न टोचलेल्यांत आजारी पडलेल्या २७ पैकी वाचला तो एकटा. टोचलेल्यांत आजारी पडलेल्या ८ पैकी वाचले ५. म्हणजे लस रोगाला दारातच अडवी, आणि जिथे अडवू शकली नाही तिथेही त्याचा जोर कमी करी, अशी दुहेरी सूचना त्यात आहे. दुसरी सूचना अर्थात आठ माणसांवर उभी आहे. तिच्यावर मोठा इमला रचू नये.

१८९९ च्या जूनमध्ये हाफकिनने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपल्या कामाचे निवेदन केले. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने ठिकठिकाणच्या लसटोचणीचे आकडे कठोरपणे तपासले. पुष्कळ नोंदी ढिसाळ आहेत, माणसांची मोजदाद सैल आहे, असे ताशेरे मारले. एवढे करूनही लशीमुळे रोगाचे आणि मृत्यूचे प्रमाण लक्षणीय घटते, मात्र संरक्षण पूर्ण नसते, हा निष्कर्ष आयोगाला मान्य करावा लागला. टीका करणाऱ्यांनी टीका करावी आणि तरीही निष्कर्ष उरावा, यालाच शास्त्रात सिद्ध होणे म्हणतात.

उंडेऱ्याच्या प्रयोगातही दोष आहेत, आणि ते लपवण्याचे कारण नाही. कुटुंबाचे दोन भाग पाडले ते माणसाच्या नजरेने. नजर कितीही प्रामाणिक असली तरी ती नकळत एखाद्या बाजूला झुकू शकते. हे काम चिठ्ठीवर, म्हणजे शुद्ध यदृच्छेवर सोपवावे, हा विचार पुढे १९२० नंतरच्या दशकात रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने इंग्लंडमधील शेतीच्या प्रयोगांतून रूढ केला. माणसांवरच्या औषधात तो १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीने कायमचा प्रतिष्ठित झाला. दुसरा दोष, उंडेऱ्यात न टोचलेल्यांना आपण टोचलेले नाही हे ठाऊक होते. आज त्यांना निरुपद्रवी पाणी टोचून दोघांनाही अंधारात ठेवतात. २०२० साली करोनाच्या लशी पारखल्या गेल्या त्या याच रीतीने, हजारो स्वयंसेवकांच्या दोन बाजू करून. बडोद्याच्या वर्तमानपत्रांत त्या वेळी ‘चाचणीचा तिसरा टप्पा’ हे शब्द रोज छापून येत, आणि ते वाचणाऱ्यांच्या शेजारच्याच गावात त्या रीतीचा एक पूर्वज नांदून गेलेला होता.

यापेक्षा खोल प्रश्न ६४ माणसांचा आहे. प्रत्येक घरातले अर्धे लोक लशीशिवाय सोडले गेले आणि त्यांतले २६ मेले. ही माणसे शास्त्राने मारली काय? हा प्रश्न भावनेचा म्हणून बाजूला सारणे अप्रामाणिकपणाचे होईल. घरातल्या कर्त्याला टोचले आणि त्याच्या भावाला सोडले, आईला टोचले आणि एका मुलाला सोडले, असे त्या गावात झाले असणारच, कारण रीतच तशी होती. उलट बाजूने एवढे म्हणता येईल, की फेब्रुवारी १८९८ मध्ये ही लस प्लेगने ग्रासलेल्या खेड्यात खरोखर उपयोगी पडते हे कोणालाच निश्चित ठाऊक नव्हते. ती टोचल्यावर ताप येई, हात सुजे. टोचणीनेच प्लेग होतो ही समजूत सर्वत्र होती. सर्वांना टोचले असते आणि काही मेले असते, तर ‘टोचल्याने मेले’ असे गाव म्हणाले असते. काही वाचले असते तर ‘देवीने वाचवले’ असेही म्हणाले असते. दोन्ही विधानांना उत्तर नसते. मात्र हाच प्रयोग उंडेऱ्याचे आकडे हाती आल्यावर दुसऱ्या गावी तसाच पुन्हा केला असता तर तो अक्षम्य ठरला असता. अज्ञान खरे असेल तोवरच अशा प्रयोगाला नैतिक आधार असतो. ज्ञान झाले की तो आधार संपतो. लेखी संमती ही कल्पना त्या काळी नव्हती, आणि तुरुंगातील कैद्याची ‘स्वेच्छा’ कितपत स्वेच्छा मानावी हा तर आजही वादाचा मुद्दा आहे. १९४७ नंतर या बाबतीत जगाने जे नियम केले ते अशाच प्रश्नांतून आले.

याच काळात पुण्यात काय चालले होते हे सांगण्याची मराठी श्रोत्यांना गरज नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. घरे उघडून झडत्या घेणे, सामान जाळणे, माणसे उचलून छावणीत नेणे, मुंबईत घराघरांवर राहण्यास अयोग्य अशा अर्थाची ‘यू.एच.एच.’ ही अक्षरे रंगवणे, गटारांत आणि भिंतींवर जंतुनाशकांचा मारा करणे, हे सर्व ज्या समजुतीवर चालले होते ती समजूत कोणी कधी पारखून पाहिली होती काय? प्लेग घाणीतून, दूषित हवेतून आणि रोग्याच्या स्पर्शातून पसरतो, हे गृहीत होते. त्या गृहीताच्या जोरावर लोकांच्या देवघरापर्यंत सोजीर शिरले. लस टोचण्यापूर्वी तिची परीक्षा झाली, सक्ती करण्यापूर्वी सक्तीच्या उपायांची परीक्षा मात्र झाली नाही. हा विरोधाभास इतिहासाच्या पुस्तकांत फारसा मांडलेला दिसत नाही.

ती परीक्षा पुढे झाली आणि तिची गोष्ट उंडेऱ्याइतकीच मनोज्ञ आहे. जून १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने काचेच्या मोठ्या बरणीत प्लेगने आजारी पडलेला एक उंदीर ठेवला. त्याच्या अंगावर पिसवा होत्या. वर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला, असा की दोघांचा स्पर्श होऊ नये पण पिसूला उडी मारता यावी. खालचा उंदीर मेला. काही दिवसांनी वरचाही प्लेगने मेला. मग त्याने पिसवा नसलेला आजारी उंदीर घेऊन तोच खेळ मांडला, तेव्हा शेजारच्या निरोगी उंदराला काही झाले नाही. अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही एका बरणीत. जगाने मात्र त्याच्यावर कित्येक वर्षे विश्वास ठेवला नाही.

विश्वास ठेवायला लावले ते मुंबईने. १८९९ साली हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलली होती. तिथे ग्लेन लिस्टन आणि १९०५ साली नेमलेले प्लेग-संशोधक मंडळ यांनी वर्षानुवर्षे गिनीपिगांवर चिकाटीने प्रयोग केले. आजारी आणि निरोगी जनावरे एकाच खोलीत, एकाच घाणीत, पण पिसवांशिवाय ठेवली, तर रोग पसरला नाही. पिसवा सोडल्या की पसरला. पिंजरा जमिनीवर ठेवला तर आतले जनावर मेले, तोच दोन फूट उंच टांगला तर वाचले, कारण तेवढी उंच उडी पिसूच्या आटोक्यात नव्हती. पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा रुंद पट्टा पसरला, पिसवा त्यात अडकल्या, जनावर वाचले. हवा तीच, खोली तीच, दुर्गंधी तीच. दोन फुटांच्या उंचीने आणि एका चिकट कागदाने शतकानुशतकांचा ‘दूषित हवे’चा सिद्धान्त मोडीत काढला. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची आवई उठली आणि लोक मिळेल त्या गाडीने पळाले, तेव्हा गुजरातच्या पालिकांनी उकिरडे उपसले आणि उंदरांच्या मागे लागल्या. यातला उंदरांचा भाग परळच्या त्या पिंजऱ्यांचे देणे आहे.

हाफकिनची स्वतःची कथा मात्र कडू आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना त्याची लस टोचण्यात आली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मेले. चौकशी बसली, ठपका प्रयोगशाळेवर आला, हाफकिनला कामावरून दूर करण्यात आले. आता या प्रसंगाकडेही वरच्याच दृष्टीने पाहावे. त्या दिवशी एकूण पाच बाटल्या उघडल्या होत्या. मेलेले १९ जण सर्वच्या सर्व एकाच बाटलीतून टोचलेले होते. उरलेल्या चार बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. म्हणजे दैवाने इथे आपण होऊन तुलना मांडली होती. दोष लशीत नव्हे तर त्या एका बाटलीत होता, हे स्पष्टच होते. प्रश्न उरला तो एवढाच, की धनुर्वाताचे जंतू त्या बाटलीत मुंबईत शिरले की मुल्कोवालला? बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्वालेवर नीट तापवून शुद्ध न करताच वापरला गेला, असा पुरावा होता. शिवाय धनुर्वाताचे जंतू मुंबईपासून दिवसचे दिवस बाटलीत वाढत असते तर तिला घाण वास यायला हवा होता. उघडताना तसा वास आला नव्हता. ही साधी संगती चौकशी करणाऱ्यांच्या पचनी पडायला फार काळ गेला. २९ जुलै १९०७ रोजी मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञांचे संयुक्त पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आले, तेव्हा कुठे तो निर्दोष ठरला.

त्याला पुन्हा नोकरीवर घेतले गेले, पण परळला नव्हे. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्याची नेमणूक झाली, आणि तिथे लस तयार करण्याची सोय नव्हती. तिथूनच तो निवृत्त झाला आणि युरोपात परतला. १९२५ साली परळच्या संस्थेला त्याचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे तो वारला.